उद्याचं अंग

"अकरा," विक्रांत ओट्यापाशी उभ्याउभ्या फोन बघत म्हणाला. "झकास! मग आज भाकरी तू टाकतेस ना?"

वृषाली गुरव पलंगाच्या काठावर बसली होती. पाय जमिनीला टेकवावेत की अजून जरा थांबावं, याचा विचार करत होती. घोट्यांत रात्रीतून कुणी बारीक खडी भरून ठेवली असावी, असं वाटत होतं. पण अकरा आकडा आल्यावर तक्रारीला तोंड उरत नव्हतं. पन्नास-साठ असता तर विक्रांतनं चहा हातात आणून दिला असता, वर पायही चेपले असते. माणूस वाईट नव्हता. फक्त हल्ली बायकोकडे बघायच्या आधी तो फोनकडे बघायचा.

"टाकते," ती म्हणाली आणि उठली.

आकडा यायचा तिच्या उजव्या दंडावरून. चार वर्षांपूर्वी तिला ल्युपस असल्याचं निदान झालं. शरीरात पहाऱ्याला ठेवलेल्या पेशी घरच्याच माणसांना चोर समजून बडवायला लागतात, असा हा आजार. कधी सांधे, कधी कातडी, कधी मूत्रपिंड. मार कुणाला पडेल याचा नेम नाही. औषधांनी तो दबून राहतो, मधूनच उसळी मारतो, आणि कायमचा म्हणून जात नाही. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. "दिसतेस तर चांगली की!" हे वाक्य वृषालीनं इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यावर द्यायचं एक ठेवणीतलं हसूच तिनं करून ठेवलं होतं.

मग चकती आली. रुपयाएवढी, दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची. चकतीच्या पोटात केसाहून बारीक अशा शे-दीडशे सुया. त्या रक्तापर्यंत पोचत नाहीत. कातडीखाली पेशींच्या मधोमध जे पाणी झिरपत असतं, तेवढंच चाखतात. आजार उसळण्याआधी दीड-दोन दिवस त्या पाण्यात काही ठरावीक प्रथिनं वाढायला लागतात. आगीच्या आधी धूर निघावा तसं. चकती तो धूर मोजते, तुमच्याच गेल्या वर्षभराच्या नोंदींशी ताडून बघते, आणि पुढच्या अठ्ठेचाळीस तासांत उसळी येण्याची शक्यता शंभरात किती, ते सांगून मोकळी होते. सरकारी कागदांत तिचं नाव दाहपूर्वसूचक यंत्र. एवढं लांबलचक नाव तोंडात कोण बसवून घेणार? लोक तिला पंचांग म्हणायला लागले.

पंचांगामुळेच वृषाली चौदा महिन्यांच्या रजेनंतर कामावर रुजू होऊ शकली. ती वीज कंपनीत यंत्रचालक होती, कोरेगाव तालुक्यातल्या एका लहानशा उपकेंद्रात. नवा नियम असा होता की जुनाट आजाराच्या माणसाला आजारपणासाठी घरी बसवता येणार नाही; त्याच्या आकड्याप्रमाणे त्याला काम द्यायचं. पंचविसाच्या आत आकडा असला की हिरवा रंग, एकट्यानं पॅनेल सांभाळायचं. पंचवीस ते चाळीस पिवळा. काम करायचं, पण दरवेळी शेजारच्या उपकेंद्रातल्या यंत्रचालकाचा दुजोरा घेऊन. चाळिसाच्या वर तांबडा. तांबड्या दिवशी पॅनेलला हात लावायचा नाही, कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ग्राहकांच्या तक्रारी घ्यायच्या. महिन्यात आठ तांबडे झाले की ते टेबल कायमचं.

आणखी एक बारीक कलम होतं, ते रुजू होताना कुणी नीट वाचलं नव्हतं. हिरव्या दिवशी कामाला नाही म्हटलं, तर तो 'अकारण नकार'. असे तीन झाले की तेच टेबल.

*

उपकेंद्रात सगळं संगणकावर गेलं होतं, पण एक गोष्ट जुन्या वळणाचीच राहिली होती. ती म्हणजे परमिट.

वायरमनला तारेवर काम करायचं असेल तर त्यानं आधी यंत्रचालकाकडून परमिट घ्यायचं. यंत्रचालकानं तो फीडर, म्हणजे त्या भागाकडे जाणारी लाइन, पॅनेलवरून बंद करायची. मग यार्डात जाऊन आयसोलेटरचा दांडा हातानं खाली ओढायचा, म्हणजे तार तुटलेली डोळ्यांना दिसली पाहिजे. दांड्याला कुलूप, कुलपाची किल्ली गळ्यात. वहीत नोंद करायची आणि शेवटी फोनवर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की अमुक लाइन बंद आहे. काम झाल्यावर ज्यानं परमिट घेतलं त्यानंच यायचं, माणसं आणि साहित्य मोजून सांगायचं, सही करून परमिट परत द्यायचं. तोवर ती लाइन चालू करायची कुणाची टाप नाही. खांबावर चढणाऱ्याला स्क्रीनवरचा ठिपका पुरत नाही, त्याला ओळखीचा आवाज लागतो. हे संगणक आणणाऱ्यांनाही पटलं होतं.

वृषालीचा आवाज रिहाना मुलाणीला नऊ वर्षं ओळखीचा होता. रिहाना वायरमन होती. गावातली पोरं तिला 'वायरमन मॅडम' म्हणायची, आणि तिला त्यात काही चुकीचं वाटायचं नाही. वृषाली रुजू झाली त्या दिवशी रिहाना पेढे घेऊन आली होती, सोबत तिच्या गटातले जगन्नाथमामा. मामा निवृत्तीला आले होते.

"मोरेदादाचा आवाज ऐकून ऐकून कान किटले," रिहाना म्हणाली होती. "परमिट देतोय की दहाव्याचं आमंत्रण, कळत नाही बघ."

"आन् आता तर बरंच झालं," मामा म्हणाले. "पोरी, तुझा रंग आमच्या फोनवर दिसतोया. हिरवं असलं की आमी निवांत."

वृषाली तेव्हा हसली होती. आपल्या अंगातली आग गावभर दिसते आहे याचं पहिल्या आठवड्यात तिला हसूच येत होतं. पुढं कमी कमी येत गेलं. आकडा तिचा, पण तो सगळ्यांना तिच्या आधी कळायचा. साठ आकडा बघितला की तिचे सांधे त्या आकड्याला मान देऊन दुखायला लागायचे. दुखत असताना आकडा नऊ आला की आपण नाटक करतोय का, असं तिला स्वतःलाच वाटायचं. आणि पिवळ्या दिवशी दुजोऱ्यासाठी शेजारच्या उपकेंद्रात फोन केला, की तिच्या रजेत इथलीही पाळी सांभाळलेले मोरे उसासा टाकून म्हणायचे, "बोला वृषालीताई. दाखवा तुमचं पॅनेल." त्यांच्या मनात काही नसायचं. उसासा मात्र असायचा.

*

एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत तिचे सात तांबडे झाले. आणखी एक, की टेबल कायमचं.

टेबलावर बसणं कमीपणाचं नव्हतं. बसून आकडेमोड करणारी माणसं तिथं आनंदानं बसली असती. पण वृषालीला पॅनेलची गुणगुण ऐकू यायची. कुठल्या फीडरवर पंप सुरू झाले, कुठल्या गावात लग्नाची रोषणाई लागली, हे तिला काट्यावरून कळायचं. आजारानं तिच्याकडून ऊन घेतलं होतं, जिने घेतले होते, लांबचे प्रवास घेतले होते. एवढं एक तिला द्यायचं नव्हतं.

त्या दुपारी ती यार्डात डोक्याला स्कार्फ गुंडाळून ट्रान्सफॉर्मरचं तापमान लिहून घेत होती. ट्रान्सफॉर्मरला दोन तापमापक असतात. एक तेलाचं तापमान दाखवतो, दुसरा आतल्या तांब्याच्या गुंडाळीचं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात, की तेल गार आहे म्हणून गुंडाळी गार असेलच असं नाही. तापमापक कुठं बसवलाय ते आधी बघ. वृषाली आकडा लिहिता लिहिता थांबली. चकतीलाही तापमापक होता. अंग गार पडलं की सुयांपर्यंत पाणी कमी झिरपतं, म्हणून चकती तेवढी दुरुस्ती आपोआप करायची. पण तो तापमापक बसवला होता चकतीच्या वरच्या अंगाला, बाहेरच्या बाजूला.

हे फक्त उपकेंद्रातल्या माणसालाच सुचलं असतं. न सुचतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात तिनं बर्फाची पिशवी काखेजवळ, दंडाच्या आतल्या बाजूला वीस मिनिटं दाबून धरली आणि चकतीवर लोकरी पट्टा गुंडाळला. आतलं पाणी थंड झालं, मंदावलं. बाहेरच्या तापमापकाला सगळं उबदार वाटत राहिलं. अठ्ठेचाळीसचे बावीस झाले.

"बावीस!" विक्रांत बाहेरून ओरडला. "बघ, सुधारतेयस तू."

*

बर्फाच्या अकराव्या दिवशी सव्वादहा वाजता रिहानाचा फोन आला.

"ताई, पाच नंबर दे. डोंगराकडचा. चिंचेपाशी इन्सुलेटर फुटलाय."

"पाच नंबर, डोंगराकडचा," वृषालीनं उलट म्हणून दाखवलं. वहीतही पाचच लिहिलं. स्क्रीननं तिचा आकडा बघितला, चौदा होता, आणि दुजोरा न मागता वाट मोकळी करून दिली. मग ती उठली, पॅनेलपाशी गेली आणि तिनं चार नंबर बंद केला. यार्डात जाऊन चार नंबरचाच दांडा ओढला, कुलूप लावलं, लाल पाटी अडकवली, किल्ली गळ्यात घातली.

"पाच नंबर बंद. दांडा खाली. कुलूप लावलं," ती फोनवर म्हणाली.

डोक्यात धुकं होतं. या आजारात ते येतं. शब्द सापडत नाहीत, हातातली वस्तू कशाला उचलली ते आठवत नाही. पण ते तरी कळतं. खरं दाट धुकं आतून धुकं वाटतच नाही. आपल्यासमोर पाच नंबर आहे, याबद्दल तिच्या मनात तीळभर शंका नव्हती. चार नंबरवरच्या लोकांचे फोन यायला लागले तेव्हाही काही खटकलं नाही. वीज गेली की फोन येणारच. "काम सुरू आहे," ती प्रत्येकाला म्हणत राहिली.

दहा मिनिटांनी पुन्हा रिहाना. आवाज अगदी खाली.

"ताई. पाच नंबर जिवंत आहे."

"कसं शक्य आहे? मी आत्ताच..."

"डिटेक्टर ओरडतोय, ताई. जाऊन बघ."

वृषाली गेली. लाल पाटी चार नंबरवर लटकत होती. पाच नंबरचा दांडा वर, ताठ, जागच्या जागी. ती बघत राहिली. मग तिनं पहिलं शहाणपणाचं काम केलं. स्वतः कशालाही हात न लावता मोरेंना फोन केला, "दादा, गाडी काढा. इथं या."

*

दीड वाजता रिहाना परमिट परत द्यायला आली. या खेपेचं परमिट मोरेंनी दिलं होतं. ते यार्डात दांडा वर करत होते, त्यामुळं खोलीत दोघीच होत्या.

रिहानानं हेल्मेट टेबलावर ठेवलं. "मी चार पायऱ्या चढले होते," ती म्हणाली. "डिटेक्टर गाडीतच होता. मामा म्हणाले, ताईचं हिरवं हाय, चढ. मलाही तेच वाटलं."

"मग?"

"मग काय! उतरले. का उतरले ते नको विचारू. हल्ली घराघरांत बॅटऱ्या झाल्यात, कुठून उलटी वीज येईल सांगता येत नाही, म्हणून असेल. नाहीतर नुसती सवय. चुकतं माणूस, ताई. मी त्याचं धरून बसणार नाही. आकडा चौदा होता, तू तरी काय करणार?"

इथं गप्प बसायची सोय होती. रिहानानंच ती करून दिली होती. वृषालीनं पाण्याचा एक घोट घेतला.

"आकडा चौदा नव्हता. मी बर्फ लावते."

"काय लावतेस?"

तिनं सगळं सांगितलं. पिशवी, पट्टा, तापमापकाची जागा. "खरा आकडा असता तर मला दुजोरा घ्यावा लागला असता. मोरेदादांनी कॅमेऱ्यावर बघितलं असतं, नि चार नंबर आहे म्हणून सांगितलं असतं. नाहीतर मी टेबलावरच असते."

रिहानानं परमिटची वही पुढ्यात ओढून मागची पानं उलटली. मग म्हणाली, "किती दिवस?"

"अकरा."

"अकरा दिवसांत सहा परमिटं घेतली मी तुझ्याकडून." तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "माझी सना चौथीत आहे. तिला काय सांगितलं असतंस? ताईला टेबलावर बसायचं नव्हतं म्हणून?"

वृषालीनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मी वर सांगणार नाही. तू सांग." रिहानानं हेल्मेट उचललं. "आणि माझं परमिट इथून पुढं मोरेदादांकडून."

*

निकम मॅडम उपविभागाच्या अभियंता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, परत घातला.

"गुरव, हा नियम कुणी आणला, माहितीये? आम्हीच भांडून आणला. माझी बहीण तुमच्यासारखीच. तिला कामावर दहादा ऐकवलं गेलं, काही होत नाही तुला, सोंग करतेस. आजारी माणसाच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून आकडा आणला. आकड्यावर तरी ठेवतील! आणि तुम्ही तोच..."

"हो, मॅडम."

शिक्षा बेतानंच झाली. तीन महिने टेबल, लेखी ताकीद आणि नवी चकती. हिचा तापमापक आतल्या बाजूला होता. तो तिथं असावा हे कंपनीला कुणामुळं कळलं, ते पत्रकात लिहिलं नव्हतं.

घरी सांगणं जास्त अवघड गेलं. विक्रांत भाजी निवडत होता. बर्फाचं ऐकून त्यानं पालकाची जुडी खाली ठेवली.

"मला वाटलं, तू सरबत करतेस," तो म्हणाला. "रोज ट्रे रिकामा. म्हटलं, उन्हाळा आहे." मग म्हणाला, "म्हणजे मी अकरा दिवस आनंदात होतो, ते उगाचच."

"तू मला विचारायचंस, विक्रांत. फोनला नाही. मला."

"विचारत नव्हतो का? चकती यायच्या आधी तीन वर्षं रोज विचारलं. 'कशी आहेस?' तू म्हणायचीस, बरी आहे. अंगात ताप असताना बरी आहे. मोरीत बसून रडून आलीस तरी बरी आहे. ती चकती मी हट्टानं का घेतली? निदान एक तरी कुणी घरात खरं बोलेल म्हणून."

असं काही तो लग्नाच्या अठरा वर्षांत बोलला नव्हता. वृषालीनं पालक पुढ्यात ओढला आणि निवडायला घेतला. त्यातली अर्धी चांगली पानं तिनं देठांत टाकली. विक्रांतनं ती निमूट उचलून परत भाजीत ठेवली.

"आत्ता कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"ब..." ती म्हणाली आणि थांबली. "बोटं दुखतायत. आणि लाज वाटतेय."

"मग ठेव ते. मी निवडतो."

*

ऑगस्टमध्ये ती पॅनेलवर परत आली. चकती आता फसणारी नव्हती आणि तिला ती फसवायचीही नव्हती. आकडे बरे येत होते. मोरेंशी तिचं जमून गेलं, उसाशाच्या आधी तीच म्हणायची, "टाका दादा उसासा, मग बघू." रिहाना तेवढी येत नव्हती. म्हणजे यायची, मोरे इथं बदली ड्यूटीवर असताना. रस्त्यात भेटली तर हसायची. परमिट मात्र वृषालीच्या हातून एकही घेतलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पण एखादी वायरमन एखाद्या यंत्रचालकाकडून परमिट घेत नाही, ही गोष्ट तालुक्यात सगळ्यांना समजते. आणखी दोघांनी हळूहळू तसंच सुरू केलं होतं.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी मोरे पुतण्याच्या साखरपुड्याला गेले होते. सकाळी अकराला फोन वाजला.

"मी रिहाना. तीन नंबर पाहिजे होता. तारा जोडणारा जंपर जळालाय, थांबता येणार नाही. मोरेदादा नाहीत. तू... तुझं हिरवं दिसतंय. नऊ."

या फोनची वृषाली पाच महिने वाट बघत होती.

आकडा खरा होता. चकतीनं जे चाखायचं ते इमानानं चाखून नऊ सांगितले होते. पण चकती चाखते कातडीखालचं पाणी. मेंदूभोवती वेगळी तटबंदी असते, तिच्या आत काय पेटलंय त्याचा धूर दंडापर्यंत पोचतोच असं नाही. डॉक्टरांनी हे मागेच सांगितलं होतं, कलमं लिहिणाऱ्यांपर्यंत ते गेलं नव्हतं. त्या सकाळी वृषालीनं चहात दोनदा साखर घातली होती. उपकेंद्राच्या फाटकाचं कुलूप उघडायला घरची किल्ली लावून बघितली होती. एवढंच. एवढं तर कुणाचंही होतं. तिला बरं वाटत होतं. एप्रिलमध्येही बरंच वाटत होतं.

हो म्हटलं तर सगळं मिटणार होतं. तालुक्यात दुपारपर्यंत कळलं असतं, की रिहानानं परमिट घेतलं.

"रिहाना, आज माझ्याकडून नको," ती म्हणाली. "डोकं जागेवर नाही माझं. कदाचित असेलही, पण मला खात्री नाही. रहिमतपूरहून साळुंखेंना बोलावते. दोन तास जातील."

पलीकडून मामांचा आवाज आला, "काय म्हंत्या?"

"बोलाव," रिहाना म्हणाली. "आम्ही झाडाखाली बसतो."

वृषालीनं स्क्रीनवर नकाराची नोंद केली. कारण निवडायला खाली यादी होती: तांबडा आकडा, अपघात, घरातलं दुःखद कारण, इतर मान्य कारण. तिचं कारण त्यात नव्हतं. स्क्रीननं स्वतःच लिहिलं, 'अकारण नकार: १'. तीन मिनिटांत निकम मॅडमचा फोन.

"गुरव, आकडा नऊ आहे."

"हो मॅडम, नऊच आहे."

"तीन नंबरवर अर्धं गाव आहे. हा पहिला नकार मांडला जाईल. अजून दोन झाले तर माझ्याही हातात काही राहत नाही."

"माहितीये, मॅडम. साळुंखे निघालेत."

मॅडमचा सूर खाली आला. "नक्की काय होतंय तुम्हाला? मला लिहून पाठवा. सकाळपासून जे जे झालं असेल ते सगळं. यादीत बसत नसेल तर यादीला जोडायला लावते. लगेच होईल असं समजू नका."

"नाही समजत."

दोन तास तक्रारींचे फोन तीच घेत बसली. सगळे विचारत होते, वीज कधी येणार. 'काम सुरू आहे' म्हणायची सवय होती, पण काम सुरू नव्हतं.

"अहो बाई," मिरची कांडपाच्या डंकावरून एक बाई ओरडत होत्या, मधे मधे शिंकत होत्या. "चार किलो मिरची डंकात अर्धीच कुटून राहिलीय! कसला खोळंबा आहे एवढा?"

"खोळंबा माझा आहे," वृषाली म्हणाली. "लाइन बंद करून द्यायचं काम माझं. आज मला बरं नाही, हातून चूक झाली तर खांबावरचं माणूस जाईल. म्हणून दुसरा माणूस बोलावलाय. दीडपर्यंत येईल वीज."

पलीकडे एक शिंक आली.

"मग असं नीट सांगा की," बाई म्हणाल्या. "मी आपली मघापासून शिव्या देतेय. दीड ना? तोवर मी भाकऱ्या करून घेते."

साळुंखे आले. त्यांनी परमिट दिलं, रिहानाचं काम झालं, एक वाजून पंचवीस मिनिटांनी ती परत द्यायला आली. साळुंख्यांसमोर उभी राहून म्हणाली, "तीन नंबर. माणसं तीन, तिघंही खाली. साहित्य पूर्ण." सही केली. साळुंखे यार्डात गेले, दांडा वर गेल्याचा खणखणाट झाला, पॅनेलवरचा काटा हलला.

रिहाना निघाली नाही. वृषालीच्या टेबलाला टेकून उभी राहिली, हातमोजे काढत.

"गुरुवारी पाच नंबरवर दिवसभराचं काम आहे," ती म्हणाली. "डोंगराकडचं. पाच खांब बदलायचेत."

"मोरेदादा आहेत गुरुवारी."

"माहितीये. तुझ्याकडून घेईन म्हणते."

वृषालीनं मान वर केली. रिहाना हातमोज्याच्या शिवणीकडे बघत होती.

"गुरुवारी माझं अंग कसं असेल, ते आज कसं सांगू? आणि हे पंचांगही सांगायचं नाही. आजच बघितलंस ना?"

"गुरुवारी सांग. नाही म्हणालीस तर थांबीन." रिहानानं हातमोजे खिशात कोंबले. "लाइन काय पळून जाते?"

ती गेल्यावर वृषाली भिंतीवरच्या ड्यूटीच्या तक्त्यापाशी गेली. गुरुवारच्या रकान्यात पाच नंबरपुढची जागा रिकामी होती. शेजारी दोरीला पेन बांधलेलं होतं. ते न घेता तिनं ड्रॉवरमधून पेन्सिल शोधून आणली आणि पाच नंबरसमोर आपलं नाव लिहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षर बघून. नंबर पुन्हा एकदा तपासला. पाचच होता.